सर्व्हरला कोण ओळखतं

नाव विचारलं, त्यानं टाकलं. पासवर्ड विचारला, तोही टाकला. मग पेटी गप्प झाली. दारावरचा माणूस ‘आत विचारून येतो’ म्हणून जातो आणि परतच येत नाही, तसली गप्प. बऱ्याच वेळानं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ उमटली.

नाकारलं.

बोट चुकलं असेल म्हणून त्यानं पुन्हा टाकलं, एकेक अक्षर, आंधळ्यानं जिना उतरावा तसं.

नाकारलं.

हातातला चहा अजून गरम होता. म्हणजे जे काही झालं ते चहा आणायला गेला तेवढ्यात. कटिंग मशीनचा खालून येणारा ठोका थांबलाय हे त्याला त्यानंतर कळलं, आणि ठोका थांबला तशी पुठ्ठ्याच्या खळीचा वासही जास्त येतोय असं वाटलं, जसा काही इतकी वर्षं आवाजानंच तो वास दाबून धरला होता. जिन्याच्या तळातून कटिंगवाल्याची हाक आली, ‘जावईबापू, गेलं!’ त्यानं विचारलं, ‘काय गेलं?’ कटिंगवाला म्हणाला, ‘ते तुम्ही सांगायचं. आम्ही फक्त गेलं एवढंच सांगतो.’ खाली दोघं-तिघं हसले. जावईबापू. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या ह्या कारखान्यात सगळे त्याला तसंच म्हणत, तोंडावर आदरानं आणि पाठीमागे दहावा ग्रह म्हणून, आणि दोन्ही त्याला ऐकू यायचं. कारखाना सासऱ्यानं काढलेला, मेहुणा चालवणारा, आणि तो मधल्या मजल्यावरच्या ह्या काचेच्या खोपटात बसून त्यातल्या सगळ्या तारा सांभाळणारा.

सांभाळणारा. आज दुपारपर्यंत.

झालं काय होतं ते त्याला दुसऱ्यांदा नाकारलं गेल्यावर एका झटक्यात कळलं. कारखान्यातल्या सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो स्विच, ती लोखंडी पेटी, इतकी वर्षं कोणालाही काहीही न विचारता आत घेत होती. भिंतीतल्या कुठल्याही भोकात केबल खुपसा, या बसा. तिला विचारता येत नव्हतं असं नाही. घेतली तेव्हाच विचारणारी घेतली होती. पण तिला विचारायला कोणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर त्यानं ते सांगितलं. हिशेबाच्या खोलीत एक सर्व्हर ठेवला. त्या सर्व्हरची कामं दोन: दर थोड्या वेळानं पेटीला विचारायचं की कुठल्या केबलीतून किती माल गेला, आणि त्याच्या रेघा पडद्यावर काढायच्या, आणि कोणी दार वाजवलं की पेटीला सांगायचं, हा आपला, हा परका. आज जेवणानंतर त्यानं शेवटचा हुकूम दिला, सगळ्या दारांना, म्हणजे केबली बसतात त्या भोकांना, एकदमच: ओळख पटल्याशिवाय कोणालाही घ्यायचं नाही. सगळ्या दारांना, स्वतःचं सोडून. स्वतःचं सोडायला विसरला नव्हता. विसरला ते हे, की सर्व्हरसुद्धा एका दारातूनच पेटीशी बोलतो. पेटीनं सर्व्हरला विचारलं, तू कोण? आणि हा कोण हे विचारायला ती सर्व्हरकडेच निघाली, आणि सर्व्हर तर दाराबाहेर. जो सगळ्यांची ओळख सांगणार त्याची ओळख सांगणारं कोणी नव्हतं. मग कटिंग मशीनची कोण सांगणार, हिशेबाची कोण सांगणार, आणि ह्याची, जावईबापूंची, कोण सांगणार?

नाकारलं.

ह्यावर औषध असतं. ह्या धंद्यातलं शेंबडं पोरही पेटीच्या आत एक नाव चोरून ठेवतं, सर्व्हर मेला तरी चालेल असं. पेटीत असं नाव होतं. सकाळी सगळ्यात आधी त्यानं ते पुसलं. पुसताना त्याला जी चव आली होती ती अजून जिभेवर होती. ते नाव होतं ‘वायरमन’. पेटी आणली त्या दिवशी सासरा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि पेटीनं पहिलं नाव मागितल्यावर म्हातारा म्हणाला होता, ‘टाक की, वायरमन. खोटं आहे का?’ हिशेबाच्या बाई, कटिंगवाला, तेव्हा कॉलेजात असलेला मेहुणा, सगळे हसले, आणि त्याची बायकोही हसली होती, तोंडावर रुमाल धरून. त्यानं टाकलं. तो इथे पहिल्यांदा आला तो वायरी टाकायलाच आला होता, हे खरंच होतं. छतातून केबली ओढताना खाली शिडी धरून उभी राहिलेली मालकाची मुलगी त्याच्याशी बोलायला लागली, हेही खरं. म्हातारा चार लोकांत सांगायचा, ‘वायर टाकायला आला आणि मुलगी घेऊन गेला. नाही हो, घेऊन तरी कुठे गेला? इथेच राहिला.’ तेव्हापासून पेटीत शिरायचं तर रोज स्वतःच्या हातानं ती शिवी टाईप करायची. म्हणून आज ती आधी गेली. आणि म्हणूनच त्यानं आणखी एक केलं, जे तो कधीच करत नसे. नवं काही पेटीला सांगितलं की ते लगेच पक्कं करायचं नाही, हा त्याचा नेम होता. आधी दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का बघायचं, चुकलं असेल तर पेटीची वीज काढून घालायची, ती पहिल्यासारखी उठते. आज त्यानं पक्कं केलं, खिडकी मिटली आणि चहाला गेला. कोणी म्हणू नये की परत फिरव. कोणी, म्हणजे आपणच, घाबरून, नेहमीसारखं.

हात दाखवून अवलक्षण. पण हात तरी कोणाला दाखवायचा होता?

फोन वाजला. मेहुणा. बाहेर पाहुण्यांना आणायला गेला होता, गाडीतून बोलत होता, आणि शेजारी कोणी असलं की त्याचा आवाज खर्जात जायचा. ‘भाऊजी, आम्ही पोचतोच. सगळं तयार?’ तो म्हणाला, ‘हो, शेवटचा हात फिरवतोय.’ मेहुणा म्हणाला, ‘हात नका फिरवू. झालेलं दाखवा.’ घरात तो मेहुण्याला अरे-तुरे करायचा आणि कारखान्यात अहो-जाहो, आणि फोनवर कुठलं वापरायचं हे दर वेळी ठरवेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. हे पाहुणे म्हणजे वर्षभराचं काम. त्यांच्या औषधांच्या नव्या खोक्यांची डिझाइनं इथल्या मशिनीत येणार, आणि त्यांची एकच अट, डिझाइन भिंतीबाहेर जाता कामा नये. काल जेवताना, म्हणजे बायको आणि सासरा समोर असताना, मेहुण्यानं भाकरी मोडत सांगितलं होतं, ‘उद्या हे नीट झालं नाही तर नात्याचं नातं आणि कामाचं काम. मी दुसरा माणूस बघून ठेवलाय.’ बायकोनं आमटी वाढली. म्हातारा म्हणाला, ‘दुसऱ्याला वायरी कळतात का बघ. ह्याला तेवढ्या तरी कळतात.’ ही त्या घरातली त्याची बाजू घेण्याची पद्धत.

आणि म्हाताऱ्याच्या मशीनचं दार बंद करायला कोणी सांगितलं होतं? मेहुण्यानंच. आठवड्यापूर्वी, ह्याच खोपटात, पडद्यावरच्या रेघांकडे बोट दाखवत. ‘ही कोणाची?’ ‘ही हिशेबाची.’ ‘ही उंच?’ ‘ती कटिंगची, डिझाइनं मोठी असतात.’ ‘आणि ही झोपलेली?’ ‘ती मामांची.’ लग्नानंतर बायकोसारखं ‘बाबा’ म्हणायला त्याची जीभ वळली नव्हती, तो सासऱ्याला मामा म्हणे. मेहुणा बराच वेळ त्या झोपलेल्या रेघेकडे बघत राहिला. म्हणाला, ‘बाबा जुन्या गिऱ्हाइकांना परस्पर भाव देतात असा माझा संशय आहे.’ तो म्हणाला, ‘ह्या रेघेतून काहीच जात नाही. दिवसभर काहीच नाही.’ हे सांगताना त्याला बरं वाटलं होतं. थोडं नाही, चांगलंच बरं वाटलं होतं, पाठ खाजवून घेतल्यासारखं. म्हातारा काहीच करत नाही. पुरावा पडद्यावर आहे, आडवा पडलेला. मेहुणा म्हणाला, ‘काहीच करत नाहीत तर दार कशाला हवं? त्यांचं नाव घालूच नका यादीत.’ आणि उठता उठता, त्याच आवाजात, ‘तुमचीही रेघ बघितली मी, भाऊजी. तीही काही फार उंच नाही. हे एकदा लागलं की रोज बघायला कोणी लागत नाही ना?’ तेव्हापासून तो विनाकारण मोठमोठ्या फायली इकडून तिकडे पाठवत होता, आणि आपली रेघ डोकं वर काढते का हे बघत होता, आणि त्याला स्वतःची किळस येत होती, आणि तो पाठवत होता.

पुन्हा फोन. ह्या वेळी बायको. ‘बाबांच्या मशीनला काय केलंस?’

‘कोणाचंच मशीन चालत नाहीये.’

‘त्यांचा फोन आला होता. म्हणाले, तुझ्या नवऱ्यानं मला बाहेर काढलं, एकदा विचार तरी.’

‘मी नाही काढलं. तुझ्या भावानं सांगितलं.’

‘त्यानं सांगितलं आणि तू केलंस. दोघांच्या मध्ये मला ओढू नका, सांगून ठेवते. मी त्यांच्या घरात राहते.’

‘मी नाही राहत?’

‘तू राहतोस,’ ती म्हणाली. ‘मी तिथली आहे.’

ती ओरडली नाही. ती कधीच ओरडत नसे; शिडी धरून उभी होती तेव्हाही अशीच सपाट बोलायची, आणि तेव्हा त्याला ते शांत वाटलं होतं. वर छतात डोकं घातलेल्या माणसाला खालून येणारा कुठलाही आवाज शांत वाटतो. त्यानं फोन खिशात टाकला आणि एक गोष्ट, जी तो चहा थंड होईपर्यंत लांबवत होता, ती समोर येऊन उभी राहिली. आता एकच वाट होती. पेटीच्या पुढच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याच्या आत बटण. टाचणी घालून दाबून धरलं की पेटी सगळं विसरते. नावं, दारं, हुकूम, सगळं. कितीही कुलपं घाला, जो पेटीसमोर उभा आहे त्याला पेटी अडवू शकत नाही. आणि पेटी होती म्हाताऱ्याच्या खोलीत. एसी फक्त तिथे होता म्हणून पेटी तिथे ठेवली होती, आणि तेव्हा म्हातारा म्हणाला होता, ‘ठेव, मला सोबत होईल.’

जिना चढताना त्याला खालची सगळी माणसं मान वर करून बघत असल्याचं पाठीला जाणवलं. काम थांबलेला कारखाना म्हणजे नाटकाचं थिएटर. दाराला आतून कडी होती. मेहुणा हल्ली पाहुण्यांना ‘ही आमची सर्व्हर रूम’ म्हणून ती खोली दाखवायचा, आणि दोनदा दार उघडल्यावर आत म्हातारा खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला सापडला, तेव्हापासून तो जेवणानंतर कडी लावून बसायचा. त्यानं दार वाजवलं.

‘कोण?’

‘मी.’

‘मी तर इथे आत आहे.’

‘मामा, दार उघडा. पेटीचं काम आहे.’

‘तुमची कामं तिकडूनच होतात ना? माझं दार तिकडूनच बंद केलंस. कर की तिकडूनच.’

‘तिकडून जमत नाहीये.’

आत खुर्ची करकरली. म्हातारा उठला नाही, नुसता वळला. ‘का बरं?’

त्यानं दाराच्या रंगावर नख फिरवलं. हिरवा रंग, खाली जुना पिवळा. खोटं सांगता आलं असतं, आणि म्हाताऱ्याला ते कळलंही नसतं. पण तो आवाज दाराच्या पलीकडे असा काही वाट बघत होता की खोटं सुचेना. ‘मलाही घेत नाहीये,’ तो म्हणाला.

म्हातारा हसला. मोठ्यानं नाही; नाकातून, हप्त्याहप्त्यानं. त्या हसण्याला अंत आहे का हे बघत तो उभा राहिला, आणि त्याच्या मनात आलं की हे दार लाथेनं मोडेल, लाकूड हलकं आहे, पुठ्ठ्यापेक्षा थोडंच बरं. दार मोडायचं, म्हाताऱ्याच्या देखत पेटीत टाचणी खुपसायची, आणि मग वळून, मग वळून काय? इथपर्यंत तो नेहमी यायचा. जेवणाच्या टेबलाशी, लग्नांमध्ये, हॉस्पिटलात म्हाताऱ्याच्या पायथ्याशी रात्रभर बसला होता तेव्हासुद्धा. वळल्यानंतरचं त्याला कधीच दिसलं नव्हतं.

‘दार नाही उघडणार,’ म्हातारा म्हणाला. ‘काय करायचं ते सांग. मी करतो.’

‘तुम्हाला नाही जमायचं.’

‘बरं. मग पाहुण्यांना सांग, जावयाला जमलं नाही आणि सासऱ्याला जमायचं नाही.’

खाली फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं कपाळ दाराला टेकवलं आणि सांगायला लागला. टेबलावर कागदाची क्लिप असेल ती सरळ करा. केली. पेटीच्या समोर या. आलो, किती धूळ ठेवली आहेस रे. डावीकडून शेवटच्या दाराच्या पुढे एक बारीक भोक आहे. दिसत नाही. चष्मा लावा. लावलेलाच आहे. बोटानं चाचपा. हं, आहे. आत घाला, बटण लागेल, दाबा आणि मी म्हणेपर्यंत सोडू नका. दाराच्या पलीकडे म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, कष्टाचा, आणि एकदा तो म्हणाला, ‘हात थरथरतोय,’ तक्रार म्हणून नव्हे, हवामान सांगावं तसा. ‘सोडू नका,’ तो म्हणाला. ‘सोडत नाहीये,’ म्हातारा म्हणाला. इतकी वर्षं एका ताटाशी बसून त्या दोघांनी एवढ्या जवळून एकमेकांशी बोललेलं त्याला आठवेना, आणि तेही मध्ये दार होतं म्हणून. ‘दिवे एकदम विझले रे,’ म्हातारा म्हणाला. ‘आता सोडा.’

खाली, थोड्या वेळानं, कटिंग मशीननं एक ठोका दिला, मग दुसरा, मग सुरू झालं. कोणीतरी शिट्टी मारली.

‘एवढंच?’ म्हातारा आतून म्हणाला.

‘एवढंच.’

‘म्हणजे तुम्ही दोघं आठवडाभर जे करत होता ते ह्या क्लिपेनं गेलं.’

त्यानं दाराला टेकवलेलं कपाळ काढलं.

‘उद्या पुन्हा लावशील. लाव. आता मला भोक माहीत झालंय.’

खोपटात परतला तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकाच ठिकाणी तुटल्या होत्या, सुरीनं कापल्यासारख्या. सर्व्हर पेटीला हाका मारत होता आणि पेटी त्याला ओळखत नव्हती. पण आत मात्र घेत होती, त्याला, मशीनला, हिशेबाला, कुणालाही, पहिल्यासारखंच, या बसा. नव्यानं सगळं सांगायचं तर संध्याकाळ झाली असती. जिन्यावर बूट वाजत होते. त्यानं कालच्या रेघांचं साठवलेलं चित्र शोधून काढलं आणि पडद्यावर लावून दिलं. सुंदर दिसत होतं. कटिंगची रेघ उंच, हिशेबाची मध्यम, म्हाताऱ्याची आडवी, आणि त्याची स्वतःची, फुगवलेली, छाती काढून उभी.

पाहुणे दोघं होते, एक वयस्क आणि हसरा, आणि एक त्याचा सहायक, बगलेत लॅपटॉप. मेहुण्यानं खर्जात सांगितलं की इथे परवानगीशिवाय मुंगीसुद्धा शिरत नाही, आणि ह्या रेघा म्हणजे ह्या क्षणाला कोण काय करतंय त्याचा आरसा. ‘हे आमचे भाऊजी. सगळं ह्यांनीच उभं केलं.’ सगळं. तो शब्द त्याच्या अंगावरून गरम पाण्यासारखा गेला. इतक्या वर्षांत मेहुण्यानं परक्यासमोर त्याला असं पुढे केलं नव्हतं, आणि त्याला लाज वाटली, कारण खोट्या चित्रासमोर उभं असूनही ते आवडलं. वयस्क पाहुण्यानं मान डोलावली. ‘छान आहे. म्हणजे समजा, आमच्यासारखा उपरा आला आणि त्यानं भिंतीत केबल लावली, तर?’

‘अडवणार,’ मेहुणा म्हणाला.

‘बघू या का?’ पाहुणा म्हणाला, हसतच, आणि सहायकानं लॅपटॉप गुडघ्यावर उघडलासुद्धा. टेबलाखालची मोकळी केबल त्यानं स्वतःच शोधली. ती त्याच्या हातून काढून घ्यायला अजून वेळ होता. ‘ती खराब आहे’ म्हणता आलं असतं. ‘थांबा, आज तपासणी चालू आहे’ म्हणता आलं असतं. तो बघत राहिला. केबल टक्‌ करून बसली आणि भोकाशेजारचा इवलासा दिवा लागला, हिरवा.

‘हिरवा,’ पाहुणा म्हणाला. ‘हिरवा म्हणजे?’

मेहुण्यानं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात अजून ओरडा नव्हता. अजून तो भाऊजी होता, अजून सगळं त्यानंच उभं केलेलं होतं.

‘हिरवा म्हणजे अडवलं,’ तो म्हणाला.

आवाज अगदी स्थिर आला. मेहुण्याचे खांदे सैल पडले. पाहुण्यानं ‘अच्छा’ म्हणून भुवया उंचावल्या, आणि क्षणभर त्या काचेच्या खोपटात सगळे एकमेकांवर खूश होते. मग सहायकाच्या गुडघ्यावर टिंग असा बारीक आवाज झाला. कोणीतरी त्याला पत्र पाठवलं होतं. सहायक पडद्याकडे बघत राहिला आणि मग, फार सभ्यपणानं, वर बघायचं टाळत राहिला. टिंग. सकाळपासून अडकलेली पत्रं असावीत. केबलीतून एकामागून एक आत येत होती, कोणी काही न विचारता, आणि लॅपटॉप बंद करायचं कोणालाच सुचत नव्हतं.